विमान ऐकतं कोणाचं?

रिमोटच्या विमानांचे शो, म्हणजे आरसी शो, तुम्ही यूट्यूबवर पाहिले असतील. सगळे बघतात कसरती. माझ्यासारख्या कोडिंगवाल्याला मात्र भारी वाटते ती तिथली एक साधी वस्तू. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा! त्याची गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये, १८९८ साली.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या उपकरणांचं प्रदर्शन होतं. पाण्याच्या हौदात छोटी बोट, वायर कुठेच नाही आणि निकोला टेस्ला लांबून तिला वळवतोय. तेव्हा रेडिओ हीच नवलाई, त्यामुळे लोक चक्रावले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पेटंटही मिळालं. पण एक प्रश्न उरतोच. दुसऱ्या कोणी तशाच लहरी सोडल्या तर? बोट त्याचंही ऐकणार! टेस्लाला हे दिसत होतं. १९०३ च्या पेटंटमध्ये त्यानं सुचवलं की दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सी एकत्र आल्या तरच यंत्र हलेल. चक्क अँड गेट, राव.

छंदवाल्यांकडे हे तंत्र आलं १९३० च्या दशकात. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं 'गफ' हे विमान १९३७ मध्ये रेडिओवर उडालं. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे हौशी लोक वाढले आणि टेस्लाचा प्रश्न मैदानावर येऊन उभा राहिला.

अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झवर ५० चॅनल होते. तुमचं विमान हवेत आहे आणि त्याच चॅनलवर कोणी पार्किंगमध्ये नुसता ट्रान्समीटर चालू केला, की संपलं. कित्येक महिन्यांची मेहनत मातीत. ते परवडलं एक वेळ, पण फिरत्या पंख्यासकट ते प्रेक्षकांत घुसलं तर?

यावर उपाय निघाला तो चिमट्याचा. फळीवर प्रत्येक चॅनलचा एकच चिमटा. तो आपल्या ट्रान्समीटरला लावल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. उडवून झालं की परत फळीवर. मोठ्या शोमध्ये तर ट्रान्समीटरच आधी जमा करून घ्यायचे. प्रोग्रामिंग शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हा म्युटेक्स आहे. फक्त तो पाळायचा माणसांनी, कंपायलर काही ओरडणार नाही! (ओहायोतल्या टोलेडोचा प्रसिद्ध आरसी शो भरवणाऱ्या क्लबचं नाव काय, तर 'वीक सिग्नल्स'. विनोदबुद्धी बघा.)

२००० नंतर २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले. यात रिसीव्हर आणि ट्रान्समीटर यांची आधी जोडी जुळवतात. मग शेजारी कितीही सेट चालू असोत, विमान आपल्याच ट्रान्समीटरच्या कोडला ओळख देतं. चिमट्यांची गरज बरीचशी संपली.

तरी एखादे काका माळ्यावरचा जुना, लांब अँटेनावाला सेट घेऊन आले, तर पहिला प्रश्न तोच: "चॅनल कितवा?"