दाराच्या पॅनलमागचा इतिहास

आजचा भाग देवगाव रंगारीहून. गावाच्या नावातच रंगारी, मग म्हटलं आज गाडीच्या आतल्या रेक्झिनचा इतिहास सांगू.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. तिच्या दाराला आतून काय असायचं? हार्डबोर्डवर रेक्झिन आणि मागे स्टीलच्या क्लिपा, दाराच्या पत्र्यातल्या भोकांत दाबून बसवलेल्या. म्हणजे कुणालाही काढता यावं, पुन्हा लावता यावं, अशी रचना.

मग पॅनल सैल का होतं? काचेचं रबर झिजलं की पावसाचं पाणी दारात उतरतं, बोर्ड फुगतो, क्लिपचं भोक फाटतं. पुष्कळ जण सरळ वरून स्क्रू मारतात. पॅनल तात्पुरतं धरतं, पण रेक्झिन कायमचं फाटतं.

त्यापेक्षा बोर्ड सपाट वजनाखाली वाळवा, भोकामागे पातळ पट्टी चिकटवून नवं भोक पाडा, नवी क्लिप बसवा. रेक्झिन सुटलं असेल तर रबर सोल्यूशन दोन्हीकडे लावा, बोटाला लागेनासं झालं की मगच दाबा. घाई केलीत तर मराठवाड्याच्या उन्हात फुगे येणारच!

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणून सांगतो, घरच्या गाडीचं मूळ पॅनल भंगारात देऊ नका. कुर्ल्याच्या कामगारांचं हातकाम आता अशाच दारांत उरलंय.