बहुस्तरीय डेटा-संरचनेतील बदल (फंक्शनल प्रोग्रॅमिंग)

बहुस्तरीय डेटा-संरचनेतील बदल हा फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील एक मूलभूत विषय आहे. एका नोंदीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी अशी रचना असताना सर्वांत आतील मूल्य कसे बदलावे, याचा विचार या विषयात होतो. हॅस्केल, क्लोजर, एलिक्सिर यांसारख्या भाषांमध्ये एकदा तयार झालेले मूल्य सर्वसाधारणपणे अपरिवर्तनीय असते. त्यामुळे या भाषांत 'बदल करणे' याचा अर्थ जुने मूल्य पुसणे असा नसून, तो बदल सामावणारी नवी रचना तयार करणे असा होतो. जुनी रचना जशीच्या तशी राहते.

स्वरूप

गडचिरोली जिल्ह्यातील वनहक्कांची नोंद राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि हक्काची स्थिती अशा उतरंडीने ठेवली आहे, असे उदाहरणादाखल मानता येईल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानुसार गावाची स्थिती 'प्रलंबित' ऐवजी 'मान्य' अशी करावयाची आहे.

जागेवरच बदल करणाऱ्या भाषेत 'प्रलंबित' हा शब्द नाहीसा होतो. प्रोग्रॅमचा दुसरा एखादा भाग तीच नोंद वाचत असेल, तर त्याच्याही नकळत ती बदलते. फंक्शनल भाषेत मात्र गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य या चार नोंदी नव्याने बनतात. नव्या जिल्ह्याच्या नोंदीत बारा तालुक्यांचे निर्देश असतात. त्यांपैकी धानोऱ्याचा निर्देश नवा, तर अहेरी, एटापल्ली, भामरागड यांसह उरलेले अकरा जुनेच असतात. या अकरा तालुक्यांची नक्कल होत नाही. जुनी व नवी अशा दोन्ही रचना त्यांचा सामायिक वापर करतात. केवळ बदलाच्या वाटेवरील नोंदींची नक्कल होत असल्याने या तंत्रास मार्गाची नक्कल असे म्हणता येते. हक्क मिळण्यापूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही स्थिती त्यामुळे एकाच वेळी वाचता येतात व त्यांची तुलना करता येते.

दोन शाखांतील एकत्रित बदल

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या जिल्ह्यातील गडचिरोली, सिरोंचा हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले. अशा बदलात एका शाखेतून तालुका काढावा लागतो आणि दुसऱ्या शाखेत जोडावा लागतो. जागेवर बदल केल्यास मधल्या क्षणी सिरोंचा दोन्ही जिल्ह्यांत किंवा कोणत्याच जिल्ह्यात नाही, अशी विसंगत स्थिती वाचणाऱ्याला दिसू शकते. अपरिवर्तनीय रचनेत संपूर्ण नवे राज्य आधी तयार होते आणि मग एकाच टप्प्यात जुन्याच्या जागी त्याचा निर्देश दिला जातो. वाचणाऱ्याला विभाजनापूर्वीचे किंवा विभाजनानंतरचे राज्य दिसते. अर्धवट विभागलेले कधीच दिसत नाही.

प्रमुख पद्धती

प्रत्येक पातळीची नवी नोंद हाताने लिहिणे कंटाळवाणे व चुकांना वाव देणारे असते. त्यावर पुढील उपाय रूढ आहेत.

मार्गाधारित फलने: क्लोजरमधील 'असॉक-इन' व 'अपडेट-इन' तसेच एलिक्सिरमधील 'पुट-इन' यांना बदलाची वाट यादीच्या रूपात दिली जाते. उदाहरणार्थ:

नवे राज्य = ठेव(राज्य, [गडचिरोली, धानोरा, मेंढा, स्थिती], मान्य)

लेन्स: रचनेतील विशिष्ट भाग वाचणे आणि बदलणे या दोन्ही क्रियांची ही जोडी होय. जिल्ह्यातून तालुका आणि तालुक्यातून गाव दाखवणाऱ्या दोन लेन्स जोडल्या की जिल्ह्यातून थेट गाव दाखवणारी लेन्स मिळते. चांगल्या लेन्सने तीन नियम पाळावेत, अशी अपेक्षा असते: जे ठेवले तेच वाचताना मिळावे, जे वाचले तेच परत ठेवल्यास काहीही बदलू नये, आणि दोनदा ठेवल्यास शेवटचेच मूल्य उरावे.

झिपर: जेरार ह्यूए यांनी 1997 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सध्याचे स्थान आणि तेथवर आलेली वाट एकत्र जपली जाते. एकाच परिसरात लागोपाठ अनेक बदल करावयाचे असल्यास ती सोयीची ठरते.

खर्च आणि मर्यादा

बदलाचा खर्च संपूर्ण रचनेच्या आकारावर नव्हे, तर वाटेतील नोंदींची संख्या आणि त्यांची रुंदी यांवर अवलंबून असतो. रुंद नोंदींसाठी क्लोजरमध्ये फिल बॅगवेल यांच्या संशोधनावर आधारलेले, प्रत्येक पातळीवर 32 फांद्यांपर्यंत विस्तारणारे वृक्ष वापरतात. चार पातळ्यांत अशा वृक्षात दहा लाखांहून अधिक घटक मावतात.

वाटेतील नाव चुकल्यास काय घडते, हे भाषेनुसार बदलते. 'धानोरा' ऐवजी 'धनोरा' लिहिले गेले, तर क्लोजरचे 'असॉक-इन' कोणतीही तक्रार न करता त्या नावाचा नवा तालुका निर्माण करते. एलिक्सिरचे 'पुट-इन' सामान्य कळींच्या वाटेवर मधली पायरी न सापडल्यास त्रुटी दाखवून थांबते. हॅस्केलच्या 'लेन्स' ग्रंथालयातील 'आयएक्स' वापरल्यास मूळ रचना न बदलता परत मिळते आणि बदल झालाच नाही हे सहज लक्षात येत नाही. म्हणून बदलापूर्वी वाट तपासणे हिताचे असते.

जुनी रचना टिकते ती तिचा निर्देश कोणीतरी धरून ठेवला असेपर्यंतच. तो सुटला की स्मृतीची ती जागा पुन्हा वापरात येते. त्यामुळे नोंदींचा कायमस्वरूपी इतिहास हवा असल्यास तो वेगळा साठवावा लागतो.

इतिहास

जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या संरचनांचे पद्धतशीर विवेचन ड्रिस्कॉल, सारनाक, स्लीटर व टार्जन यांनी 1980 च्या दशकात केले. ख्रिस ओकासाकी यांचा निव्वळ फंक्शनल डेटा-संरचनांवरील ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. लेन्स ही संज्ञा फॉस्टर, पीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2005 मधील शोधनिबंधामुळे प्रचारात आली. रिच हिकी यांनी 2007 मध्ये क्लोजर भाषा प्रसिद्ध केली.

हेही पाहा

फंक्शनल प्रोग्रॅमिंग
हॅस्केल
क्लोजर
गडचिरोली जिल्हा
मेंढा (लेखा)