पार्सल सुखरूप पोहोचावे म्हणून

पार्सल फुटले की दोष ते आपटणाऱ्या हातांना दिला जातो. पावसाळ्यात मात्र खोका बऱ्याचदा आधी ओलाव्यापुढे हरलेला असतो. नालीदार पुठ्ठ्याची ताकद त्याच्या उभ्या नाल्यांत असते. दमट हवेत पुठ्ठा पाणी शोषतो, भिंती नरमतात आणि वर रचलेल्या पार्सलांचा भार थेट आतल्या वस्तूवर येतो. त्यामुळे कोपरे दबलेला जुना खोका फुकट मिळाला तरी महाग पडतो.

गोव्यातून परगावी जाणाऱ्या वस्तूंपैकी सर्वाधिक काळजी कोकमच्या आगळाची घ्यावी लागते. आगळ आंबट व खारट असल्याने धातूचे झाकण गंजते आणि एक थेंब गळला तरी शेजारच्या कपड्यांवर न निघणारा डाग पडतो. जाड प्लॅस्टिकची बाटली काचेपेक्षा बरी. ती काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडावी, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळावी आणि बाटली एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करून उभी ठेवावी. लोणच्यालाही हेच लागू. फेणीची गोष्ट वेगळी. राज्याबाहेर मद्य पाठवण्यावर अबकारी नियमांचे बंधन असल्याने ती आगळाशेजारी गुपचूप सरकवणे धोक्याचे ठरते.

मानकुराद आंबे तयार, पण न पिकलेले असताना भरावेत. खोक्याला हवेसाठी भोके हवीत आणि थरांमध्ये सुके गवत किंवा कागद. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले फळ घामेजून कुजते.

चिनी मातीच्या बशा आडव्या रचण्याची सवय घातक आहे, कारण तळच्या बशीवर सगळा भार येतो. प्रत्येक बशी वेगळी गुंडाळून कडेवर उभी करावी. आझुलेजो फरशाही तशाच ठेवाव्यात. त्यांच्या रंगवलेल्या बाजू समोरासमोर येतील तर मध्ये कोरा कागद घालावा. वर्तमानपत्राची शाई फिकट वस्तूंना लागते. चारही बाजूंनी सुमारे 5 सेंटिमीटर मऊ भरण ठेवून खोका हलवून पाहावा. आत खुडखुड ऐकू आली तर भरण कमी पडले आहे. ‘नाजूक’ अशी चिठ्ठी जरूर लावावी, पण सरकत्या पट्ट्यावर ती कोणी वाचत नाही.

पितळी समईचे भाग सुटे करून गुंडाळावेत. पुस्तके आधी प्लॅस्टिकमध्ये आणि लहान खोक्यात भरावीत. मोठा खोका पुस्तकांच्या वजनाने तळातून उसवतो.

खोक्याचा आकार खर्चावरही परिणाम करतो. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंचीच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला 5000 ने भागून वजन धरतात. 50 × 40 × 30 सेंटिमीटरच्या खोक्यात 4 किलो खाजे असले तरी आकारणी 12 किलोंची होते.

शेवटी पत्ता व दूरध्वनी क्रमांकाची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी. पावसात बाहेरचे लेबल सुटले, तर पार्सल कोणाचे ते त्या कागदावरूनच कळते.