क्रमांक-स्थलांतर (मोबाइल) : कंपनी बदलल्यानंतरचे संभाषणदोष व त्यांचे निवारण

मोबाइल दूरध्वनीचा क्रमांक तोच ठेवून सेवा देणारी कंपनी बदलणे, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘नंबर पोर्ट करणे’, हा व्यवहार पुरा झाल्यावरही कधी येणारे कॉल बंद राहतात, तर कधी जाणारे लागत नाहीत. या दोषांची कारणे आणि त्यांच्या शोधाची रीत प्रस्तुत नोंदीत दिली आहे. विवेचनास आधार कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरचा घेतला आहे (बुलढाणा जिल्ह्यातील आणि कऱ्हाडलगतचे मलकापूर निराळे). कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले हे नगर विशाळगड जहागिरीचे पूर्वीचे मुख्य ठिकाण होय. मुलूख डोंगराळ आणि अतिवृष्टीचा असल्याने, शिवाय येथील कितीतरी घरांतली माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस राहत आल्याने, कंपनी बदलताना दरपत्रकापेक्षा घरच्यांशी बोलणे होते की नाही याची काळजी येथे मोठी असते.

भारतात या स्थलांतराची तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २००९ च्या विनियमांनी झाली. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात प्रारंभ होऊन २० जानेवारी २०११ पासून ही सोय सर्व देशास लागू झाली. मात्र ती एकाच सेवाक्षेत्राच्या हद्दीपुरती होती. दूरसंचाराच्या दप्तरी मुंबई हे एक क्षेत्र आणि गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे, त्यामुळे मुंबईत घेतलेला क्रमांक गावी परतलेल्या माणसास महाराष्ट्र क्षेत्रात वर्ग करून घेता येत नसे. ३ जुलै २०१५ पासून देशव्यापी स्थलांतर सुरू झाले आणि ही अडचण सरली. १६ डिसेंबर २०१९ पासून अमलात असलेल्या पद्धतीप्रमाणे १९०० या क्रमांकास संदेश धाडला की अर्ज पात्र असल्यासच आठ अक्षरांचा संकेत मिळतो. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो, आणि पुढे त्याच क्षेत्रातील बदलास तीन, परक्षेत्रातून येणाऱ्या क्रमांकास पाच कामाचे दिवस लागतात. जुन्या कंपनीकडे नव्वद दिवस पुरे झालेले असावे लागतात आणि बिलाची थकबाकी नसावी लागते. दुसऱ्याच्या नावाने सिम बदलून घेऊन क्रमांकच पळवण्याचे प्रकार होऊ लागल्याने, सिम बदलल्यानंतर सात दिवस संकेत देऊ नये असा निर्बंध १ जुलै २०२४ पासून आला. त्याच महिन्यात खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि पुष्कळ ग्राहक भारत संचार निगमकडे वळले. निगमच्या फोर-जी जाळ्याची उभारणी तेव्हा अर्धवट होती आणि त्याचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे मधल्या काळातील अनेक गाऱ्हाण्यांचा उलगडा होतो.

दोषांचे मूळ समजण्यास कॉलचा मार्ग माहीत हवा. पूर्वी क्रमांकाचे आरंभीचे आकडे पाहिले की तो कोणत्या कंपनीचा हे ठरत असे. आता ते आकडे केवळ जन्मस्थान सांगतात. म्हणून प्रत्येक कॉलच्या आरंभी, ज्याच्या जाळ्यातून कॉल निघतो त्या कंपनीने स्थलांतरित क्रमांकांची नोंदवही तपासून, सांप्रत कंपनीचा मार्गसंकेत जोडून कॉल पुढे पाठवावा, असा नियम आहे. मूळ नोंदवही मध्यवर्ती यंत्रणेकडे असते, परंतु तिच्या प्रती सर्व कंपन्यांना आपापल्याकडे अद्ययावत ठेवाव्या लागतात. जमिनीचा फेरफार मंजूर होऊनही एखाद्या दप्तरात जुन्याच खातेदाराचे नाव राहून जावे, तसे येथेही घडते. आणि म्हणून कोणतीही खटपट करण्यापूर्वी चूक कोणाच्या दप्तरात आहे हे निश्चित करणे, हेच या विषयातील मुख्य काम होय.

येणाऱ्या कॉलांच्या बाबतीत हे निश्चित करणे सोपे असूनही क्वचितच केले जाते. ‘माझा फोन लागत नाही’ एवढ्या तक्रारीने काहीच निष्पन्न होत नाही. निरनिराळ्या कंपन्यांचे सिम असलेल्या तिघाचौघांस एकाच वेळी आपल्याला कॉल करावयास सांगावे, आणि प्रत्येकास कोणती ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली ते वेळेसह टिपून ठेवावे. सर्वांचे कॉल येतात, फक्त आपण सोडलेल्या कंपनीच्या ग्राहकांचे येत नाहीत आणि त्यांना ‘स्विच ऑफ’ किंवा ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ असे ऐकू येते, तर जुन्या कंपनीने आपले नाव अद्याप खारीज केलेले नाही, ती आपल्याला स्वतःच्याच जाळ्यात शोधत आहे, असे बहुधा खात्रीने म्हणता येते. एखाद्या तिसऱ्याच कंपनीकडून कॉल येत नसेल तर तिची प्रत शिळी आहे. कोणाचाच येत नसेल तर दोष नव्या कंपनीत, सिममध्ये किंवा हातातल्या संचात शोधावा. बदलाच्या रात्री जुने सिम बंद पडून नवे सुरू होईपर्यंत काही तास सेवा नसणे हे मात्र नियमास धरून आहे. तेवढ्याने घाबरून दुकानदाराकडे धावू नये, सकाळी संच एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

घरात अजून तारेचा दूरध्वनी असेल तर एक खुलासा आवश्यक आहे. १५ जानेवारी २०२१ पासून अशा दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला कॉल करताना क्रमांकाआधी शून्य लावावे लागते. कंपनी बदलण्याशी याचा संबंध नसताही वृद्ध माणसे शून्य न लावता प्रयत्न करतात आणि दोष ‘पोर्ट’वर येतो.

जाणारे कॉल लागत नसतील तर पहिली पाहणी नव्या कंपनीचे रिचार्ज खरोखर लागू झाले आहे का याची करावी, कारण जुन्या कंपनीकडील उरलेली रक्कम व मुदत नव्या कंपनीकडे येत नाही. दोन सिमच्या संचात बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी आधीचेच सिम नेमून ठेवलेले असते, तेही बदलावे. एवढे करूनही अडचण राहिल्यास एक चाचणी सर्वांत उपयोगी पडते: नवे सिम काढून शेजाऱ्याच्या, त्याच कंपनीवर व्यवस्थित चालणाऱ्या संचात घालावे. तेथे कॉल लागला तर सिम आणि कंपनी दोन्ही निर्दोष ठरतात, खोट आपल्या संचात उरते. तेथेही लागला नाही तर दुसऱ्या संचावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

संचातील खोट पुष्कळदा व्होल्टीची, म्हणजे फोर-जी जाळ्यातूनच कॉल करण्याच्या सोयीची, असते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू करणाऱ्या जिओचे जाळे आरंभापासून फोर-जीचे असून त्यास टू-जीचा आधारच नाही. तेव्हा व्होल्टी नसलेल्या किंवा ती सोय बंद असलेल्या संचात इंटरनेट चालते आणि कॉल मात्र होत नाही, असा विलक्षण वाटणारा प्रकार घडतो. इतर कंपन्यांत असा संच कॉलपुरता टू-जीवर उतरतो. कॉल लावून पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहावे: फोर-जीचे चिन्ह जाऊन त्या जागी टू-जी किंवा ‘ई’ उमटले आणि क्षणात कॉल तुटला, तर व्होल्टी सुरू नाही आणि त्या ठिकाणी टू-जीही क्षीण आहे, हे डोळ्यांनी दिसते. सेटिंगमध्ये व्होल्टी सुरू करणे व संचाची प्रणाली अद्ययावत करणे हा यावरचा उपाय होय.

डोंगरी मुलखात यास लहरींचा प्रश्न येऊन मिळतो. ७००, ८५० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून, डोंगराच्या आडोशालाही त्यातल्या त्यात पोचतात; १८००, २१०० किंवा २३०० च्या लहरी लवकर अडतात. निगमच्या फोर-जीचा भर ७०० आणि २१०० वर आहे आणि जुन्या संचांपैकी अनेकांना ७०० मुळीच वाचता येत नाही, म्हणून त्याच घरात, त्याच सिमवर मुलाच्या नव्या फोनला रेंज आणि वडिलांच्या जुन्या फोनला शून्य, असे दृश्य दिसते. पत्र्याच्या छपराखाली लहरी आणखी क्षीण होतात. घरात तारेचे इंटरनेट असेल तर एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलेली वाय-फाय कॉलिंगची सोय अशा ठिकाणी मनोऱ्याची उणीव बरीच भरून काढते. माझ्या मते बदलापूर्वीच नव्या कंपनीचे साधे सिम आठवडाभर घराच्या माजघरात आणि शेतावर वापरून पाहणे हाच खरा शहाणपणा. ट्रायच्या नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशानुसार कंपन्यांना व्याप्तीचे नकाशेही प्रसिद्ध करावे लागतात, परंतु दरीतल्या एका घराची स्थिती नकाशा सांगू शकत नाही.

कॉल वळवण्याची जुनी व्यवस्था जुन्या जाळ्यात नोंदलेली असते, ती नव्याकडे येत नाही. हवी असल्यास नव्याने लावावी. या निमित्ताने कोणी अनोळखी इसम ‘नवे सिम सुरू करण्यासाठी’ *४०१# ने सुरू होणारा संकेत दाबावयास सांगू लागला, तर तो आपले कॉल स्वतःकडे वळवू पाहत आहे असे समजावे. याच गैरवापरामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असा संकेत दाबून कॉल वळवण्याची सोय स्थगित केली. यूपीआयची ॲपे सिमशी बांधलेली असल्याने क्रमांक तोच असूनही पुन्हा पडताळणी मागतात, हा दोष नव्हे.

स्वतःच्या पाहणीने दोष हटला नाही तर नव्या कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नोंदक्रमांक घ्यावा. जुन्या कंपनीचा आपण आता ग्राहक नसल्यामुळे, चूक तिच्या दप्तरात असली तरी तगादा नव्या कंपनीमार्फतच लावणे इष्ट. वर सांगितलेली टिपणे येथे पुराव्यादाखल द्यावीत. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि २०१२ च्या विनियमांप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागावयास हवा. स्थलांतराचा अर्ज चुकीच्या कारणाने नाकारणाऱ्या कंपनीस प्रत्येक प्रकरणी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला असल्याने, मलकापूरच्या ग्राहकास त्यापुढचा मार्ग कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे खुला आहे.