कोयता, अर्धा कोयता आणि डी५७

माजलगाव तालुक्यातल्या आमच्या दिंद्रुडात दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. त्याआधी मुकादमाची वही भरते. तांबड्या कापडी पुठ्ठ्याची अशी एक वही मी मांडीवर घेऊन पानन् पान चाळली आहे. गड्याचं नाव, किती उचल दिली तो आकडा, आणि शेवटच्या रकान्यात ‘१ कोयता’. हा एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकट्या गड्यापुढे ‘अर्धा’. बायकांची नावं त्या वहीत कुठंच नव्हती.

पुढे आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची आंतरराष्ट्रीय यादी हाती आली. दवाखान्यातल्या नोंदी याच यादीवरून लावतात. रक्ताच्या आनुवंशिक आजारांची पानं उलटताना डी५६ थॅलेसेमिया, डी६६ हिमोफिलिया असं करत मी डी५७ वर थांबलो. सिकलसेल. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. त्याच्या पोटात डी५७.३ हा वेगळा क्रमांक होता, तो फक्त वाहकांसाठी, म्हणजे ज्यांना सदोष जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं त्यांच्यासाठी. शेतातल्या हत्याराचं नाव आणि त्याखाली अर्ध्याची स्वतंत्र नोंद! मला ती वही आठवली, आणि तेव्हापासून या दोन नोंदींची कुळकथा माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

आजाराच्या नावाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. शिकागोत ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला १९०४ मध्ये वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि ‘विळ्याच्या आकाराच्या’ असे शब्द वापरले. १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव रूढ केलं. फ्रेंचांनी मात्र ग्रीक ‘ड्रेपानॉन’ घेतला. त्याचा अर्थही विळाच. 

मराठीत या पेशींना कुणी विळ्यासारख्या म्हणतात, कुणी कोयत्यासारख्या. माझं मत ठाम आहे: विळाच. विळा चंद्रकोरीसारखा वळलेला असतो, तर उसाचा कोयता रुंद आणि जड. त्याचा बाक टोकाशी, तोही थोडाच. पण ‘कोयता’ हा शब्दच मुळी मोठा रंजक आहे. काही जण तो संस्कृतातल्या कापण्याच्या ‘कृत्’ धातूकडे नेतात. मला हे पटत नाही. ‘कर्तरी’पासून मराठीत ‘कातर’ आली, ‘कात्री’ आली. त्या वाटेनं ‘कोयता’मधला ओ आणि य येणार कुठून? कन्नड आणि तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे कापणं, तोडणं, तेलुगूत ‘कोयु’. कापणीचा शब्द शेजारच्या शेतातून बांध ओलांडून आला, असंच मी मानतो.

मग हत्याराचं नाव दोन माणसांना कसं चिकटलं? कारखान्याच्या हिशेबाच्या सोयीसाठी, असं एक उत्तर मिळतं. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला १९५० च्या सुमारास झाली, म्हणून हा शब्दही तेव्हाचाच म्हणे. मला याची मुळं जुनी वाटतात. आपल्याकडे शेतकऱ्याची ऐपत औतावर मोजत. दोन औतं म्हणजे बैलांच्या दोन जोड्या. जोडीला अवजाराच्या नावानं एक धरायची ही रीत कारखान्यांच्या कितीतरी आधीची. बैलांची जोडी ‘औत’ झाली, तशी माणसांची जोडी ‘कोयता’ झाली. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मोजताना मात्र त्याच्या हातातलं लोखंड तेवढं मोजलं गेलं.

आता डी५७.३ या क्रमांकाकडे येऊ. आजारांच्या क्रमांकांची ही यादी जन्मली ती मृत्यूच्या नोंदीसाठी. जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या यादीत मरणाची कारणं होती. सिकलसेलचा वाहक सहसा धडधाकट असतो, तो या आजारानं मरत नाही. मरणाच्या यादीत त्याला जागा कुठली? १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती ही यादी आली आणि सहाव्या आवृत्तीत मरणाबरोबर आजारपणही आलं. पुढच्याच वर्षी जेम्स नील यांनी दाखवून दिलं की एका पालकाकडून सदोष जनुक आलं तर माणूस वाहक होतो, दोघांकडून आलं तर आजारी. अर्ध्याला यादीत जागा मिळायला ही दोन्ही दारं उघडावी लागली, असा माझा कयास आहे. नवव्या आवृत्तीत वाहकाला २८२.५ हा क्रमांक होता. १९९४ पासून वापरात आलेल्या दहाव्या आवृत्तीत तो डी५७.३ झाला.

हा टिंबापुढचा आकडा फार मोलाचा आहे. रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी वाहकाचीही ‘पॉझिटिव्ह’ येते आणि रुग्णाचीही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचण्या केल्यावरच एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते कळतं. कागदावर नुसतं ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहिलं, तर क्रमांक लावणाऱ्यानं रुग्णाचा डी५७.१ लावायचा की वाहकाचा डी५७.३? चुकलं तर निरोगी माणसावर आयुष्यभराचा शिक्का बसतो, किंवा ज्याला उपचार हवेत त्याला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलं जातं. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेलच्या रुग्णांना दिव्यांगांत धरलं. दिव्यांग प्रमाणपत्राचा पायाही हाच चाचणीचा कागद.

आणि वहीतला कोयता व यादीतला डी५७ या दोन नोंदी प्रत्यक्षात भेटतातही. नंदुरबार-धुळ्याकडची भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात. अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात तिथल्या ऊसतोड मजुरांवर लिहिलं, आणि तिथंही मोजणीचा शब्द ‘कोयता’च होता. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचं जनुक पुष्कळ आढळतं. म्हणजे मुकादमाच्या वहीतला एक पूर्ण कोयता रक्ताच्या हिशेबात दोन अर्धे असू शकतो. नवरा वाहक, बायकोही वाहक. दोघंही दिवसभर ऊस तोडतात, कुणाला शंकाही येत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के.

मुकादमाची वही दोघांना मिळून एक धरते आणि बाईचं नाव गाळते. रक्ताच्या नोंदीला ते चालत नाही. बापाचा रिपोर्ट एएस आला म्हणून काम भागत नाही. आईचा वेगळा हवा, तिच्या स्वतःच्या नावानं. शेवटच्या रकान्यात जी दिसली नव्हती, तिच्याशिवाय डी५७ चा हिशेब लागतच नाही. टोळी निघताना पेटीत रेशनकार्ड जातं, आधार जातं. त्यांच्यासोबत दोन रिपोर्ट जावेत, त्याचा एक आणि तिचा एक.