घडीच्या टपाची कहाणी

वाहनाला छप्पर असावे, पण ते हवे तेव्हा दूर सारता यावे, ही माणसाची हौस मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवर अगदी अलीकडेपर्यंत धावणारी व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची मागची काळी घडी आठवत असेल. ऊन चढले की गाडीवान ती पुढे ओढी. सायंकाळी चौपाटीचा वारा सुटला की ती मागे पडे. जर्मनीतील लांडाउ या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बग्गीला तर पुढून एक व मागून एक अशा दोन घड्या असत. दोन्ही मिटल्या की बंद खोली, दोन्ही उघडल्या की सिंहासन. संस्थानी मिरवणुकांना अशी बग्गी प्रिय होती याचे नवल नाही.

परंतु या हौसेच्या पोटात एक विरोध दडलेला आहे. घडी व्हावयाची तर कापड मऊ हवे. पाणी अडवावयाचे तर त्याला छिद्र नको. मऊ कापडातून पाणी गळते आणि पाणी न गळणारा पत्रा दुमडत नाही. कमावलेल्या चामड्याने हा विरोध बऱ्याच अंशी मिटवला, पण एका अटीवर. चामड्याच्या तंतूंत मुरलेले तेल कायम राहिले पाहिजे. तेल उडाले की चामडे ताठ होते आणि पहिला तडा नेमका घडीच्या रेषेवर जातो. म्हणून टपाला तेल चोळणे हे घोड्याला खरारा करण्याइतकेच नित्याचे काम असे.

चामडे महाग. त्याला स्वस्त पर्याय होता तेल पाजलेल्या कापडाचा. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याची पातळ साय धरते. ती कापडावर बसली की पाणी आत शिरत नाही. आपल्याकडचे मेणकापड याच कुळातले. ‘ताडपत्री’ हा शब्द तर ताडाच्या पानाची आठवण अजून सांभाळून आहे. पान गेले, डांबर लावलेले जाड कापड आले, तेही जाऊन प्लास्टिक आले, नाव मात्र तेच राहिले. तथापि जवसाच्या तेलाचा एक दोष असा की, ते सुकावयाचे थांबतच नाही. साय धरल्यानंतरही ते वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि अखेर तिचे पापुद्रे निघतात.

१८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने निराळी वाट काढली. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या नॅप्थात त्याने रबर विरघळवले आणि ते दोन कापडांच्या मध्ये थापून तिन्ही एकजीव केले. रबर आत, कापड बाहेर. हे कापड थंडीत फळीसारखे ताठ होई व उन्हाळ्यात चिकटू लागे. हा दोष गंधकाच्या प्रक्रियेने दूर झाला. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला तिचा शोध १८३९ मध्ये लागला आणि १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. इंग्लंडात टॉमस हॅनकॉकनेही त्याच सुमारास ते मिळवले. गुडइयरच्या वाट्याला कर्जे, कज्जे आणि तुरुंगवास आला, आणि १८६० मध्ये तो कर्जातच वारला.

येथे टपाच्या निगेचा जुना धडा उलटा फिरला. चामड्याचा जीव तेलात होता; रबराचा शत्रूच तेल ठरले. तेलाने रबर फुगते, सैल पडते व चिकट होते. मॅकिंटॉशच्या लोकरी कापडातील अंगचे तेलसुद्धा आतल्या रबराला बाधत असे. बग्गीचा टप तेलाने चोळण्यात ज्याचा हात बसला होता, त्याने तीच माया रबरी टपावर केली तर टप लवकर मरे. वस्तू बदलते, हाताची सवय बदलत नाही. टपाच्या इतिहासातील निम्मे नुकसान या एका कारणाने झालेले दिसते.

मोटार आली ती बग्गीचा टप डोक्यावर घेऊनच. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या ‘टी’ नमुन्याच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांपैकी असंख्य गाड्यांवर दुमडता टप होता. १९१९ मध्ये अमेरिकेतील नव्या मोटारींपैकी बंद गाड्या जेमतेम दहा टक्के होत्या. १९२७ मध्ये त्या पंचाऐंशी टक्क्यांवर गेल्या. बंद गाडी स्वस्त झाली आणि कालपर्यंत गरज असलेला घडीचा टप श्रीमंतांची चैन होऊन बसला.

याच सुमारास कापडाला चामड्याचे सोंग देण्याचा उद्योग भरभराटीला आला. इंग्लंडात मँचेस्टरजवळ हाइड येथे तयार होणाऱ्या अशा एका कापडाचे व्यापारी नाव होते ‘रेक्झिन’. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर, आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात कापराचे तेल. तो माल केव्हाच मागे पडला. पण आपल्याकडे बैठकीच्या कुठल्याही नकली चामड्याला आजही रेक्झिनच म्हणतात, मग ते प्रत्यक्षात व्हिनाइल का असेना.

व्हिनाइलची कथा अपयशापासून सुरू होते. पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा पदार्थ १८७२ मध्ये जर्मन रसायनज्ञ ऑयगेन बाउमान याने नोंदला होता. पांढरा, कडक, ठिसूळ. त्याचे करावे काय हे कोणाला सुचले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन येथे, गुडरिच कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉल्डो सेमन हा तिशीच्या आतला रसायनज्ञ धातूला रबर चिकटवण्यासाठी एखादा गोंद शोधत होता. त्याने हा निरुपयोगी पदार्थ उशिरा उकळणाऱ्या एका द्रवात तापवून विरघळवला. थंड झाल्यावर हाती आला तो गोंद नव्हता. बोटाने दाबावा तर दबणारा, सोडावा तर पूर्ववत होणारा लगदा होता. सांगतात की, सेमनने त्याचा लेप पडद्याच्या कापडाला दिला, ते वरिष्ठांच्या मेजावरील कागदांवर पसरले आणि त्यावर पाण्याचा तांब्या रिता केला. कागद कोरडे राहिले. पुढे हा माल ‘कोरोसील’ या नावाने बाजारात आला. सेमन १९९९ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी वारला.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिनाइलने मोटारीचा टपही व्यापला. १९६२ पासून निघालेली इंग्लंडची एमजीबी असो की १९८९ मध्ये आलेली जपानची माझदा एमएक्स-५ असो, सर्वसामान्यांच्या उघड्या गाडीवर तोच दिसे. दिसावयास तो दगडासारखा टिकाऊ. परंतु सेमनने त्याला दिलेला मऊपणा त्याचा स्वतःचा नव्हे. तो त्यात मिसळलेल्या तेलकट मृदुकारक द्रव्याचा आहे, आणि हे द्रव्य व्हिनाइलशी रासायनिक बंधनाने बांधलेले नसते. ते तेथे वस्तीला आलेले असते. उन्हात ते हळूहळू उडून जाते. नव्या मोटारीच्या काचेवर आतून जी धूसर साय धरते तिच्यात आतल्या व्हिनाइलमधून उडालेल्या या द्रव्याचाही वाटा असतो. शिवाय सूर्याचे अतिनील किरण व्हिनाइलची साखळीच बिघडवतात. म्हणजे चामड्याचीच जुनी अट पुन्हा आली. फरक इतकाच की चामड्याला उडालेले तेल पुन्हा पाजता येते, व्हिनाइलला ते वरून पाजून मुरवता येत नाही.

हे ध्यानात न आल्याने टपावर भलतेच उपचार होतात. घासलेटाचा बोळा फिरवला की मळ चटकन सुटतो व टप नव्यासारखा चमकतो. पण घासलेट, पेट्रोल आणि थिनर मळाबरोबर मृदुकारक द्रव्यही ओढून काढतात, आणि ओल उडाल्यावर मागे राहतो तो पूर्वीहून ताठ टप. खोबरेल चोळल्याने धूळ चिकटते, दुसरे काही साधत नाही. सिलिकोनच्या चकचकीत लेपाने पाणी ओघळते हे खरे, पण गेलेला मऊपणा परतत नाही. ब्लीचिंगचे पाणी तर सुती व नायलॉनच्या शिवणी कुजवते. मग पाऊस कापडातून नव्हे, टाक्यांतून आत येतो.

योग्य उपाय फार साधा आहे, म्हणूनच कदाचित तो कोणाला पटत नाही. गाडी सावलीत घ्यावी, टप गार होऊ द्यावा. आधी पाण्याने धूळ सोडवावी, मग सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश यांनी शिवणींवर व कडांवर हलका हात चालवावा आणि साबणाचा अंशही उरणार नाही असे धुवावे. मागची पारदर्शक खिडकी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. धुळीचा एकेक कण तिच्यावर रेघ ओढतो. शेवटी अतिनील किरण अडवणारा, पाण्यात कालवलेला संरक्षक लेप द्यावा. गोव्यात किंवा बेळगावकडच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे: ओला टप मिटू नये. घडीच्या आत कोंडलेल्या ओलीत बुरशी वाढते, आणि काही सूक्ष्मजीव त्या मृदुकारक द्रव्यावरच पोसले जातात. उघड्या जीपच्या व ऑटोरिक्षाच्या टपावर आषाढानंतर उमटणाऱ्या काळ्या ठिपक्यांचे मूळ बहुधा येथेच असते.

उघडी मोटार एकदा संपलीच असे मानले गेले होते. १९७६ च्या एप्रिलमध्ये कॅडिलॅक एल्डोराडो या अखेरच्या अमेरिकन उघड्या गाडीचे उत्पादन थांबले, आणि किंमत वाढेल या आशेने कित्येकांनी त्या वर्षीच्या गाड्या घेऊन आच्छादनाखाली ठेवून दिल्या. १९८२ मध्ये क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा बाजारात आणली, आणि १९८४ च्या मालिकेत खुद्द एल्डोराडोही परत आली. तेव्हा त्या संग्राहकांचा हिशेब चुकला. अशा साठवून ठेवलेल्या गाडीसाठी जाणता कारागीर एकच सूचना देतो. टप मिटून ठेवू नये. तो वर चढवून, ताणून ठेवावा, कारण वर्षभर दुमडून राहिलेले व्हिनाइल ती घडी विसरत नाही.