पद्मिनीचं पासिंग

एका श्रोत्याने मध्यंतरी विचारलं होतं, "सेकंड हँड गाडी घ्यायची तर कोणतं मॉडेल दरवर्षीच्या तपासणीत भरवशाने पास होतं, याची काही नोंद आपल्याकडे आहे का?" प्रश्न साधा वाटला म्हणून शोधायला बसलो आणि निघालो भलतीकडेच. म्हणून हा भाग.

इंग्लंडमध्ये याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. तिथे १९६० पासून जुन्या गाड्यांची एमओटी नावाची तपासणी होते, आता ती तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी लागते, आणि निकालांचा सगळा डेटा सरकारच खुला करतं. जर्मनीत ट्युफवाले दरवर्षी मॉडेलवार यादी छापतात. आपल्याकडे खासगी गाडीला अशी वार्षिक तपासणीच नाही. नवीन गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पीयूसी असतं, पण ते फक्त धुराचं. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी आरटीओसमोर उभी राहते ती धंद्याची गाडी: टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, ट्रक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे तिला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. आपण सगळे त्याला म्हणतो पासिंग.

तेव्हा मुंबईत एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या वर्षानुवर्षं पासिंगला उभ्या राहिल्या, असं उदाहरण शोधलं तर एकच नाव येतं. प्रीमियर पद्मिनी. काळी-पिवळी.

ही गाडी आमच्या शेजारचीच. साकीनाक्याहून कुर्ला-अंधेरी रस्त्याने सफेद पूल, जरीमरी करत कुर्ल्याकडे उतरलात की एलबीएस मार्ग लागतो. तिथे आज कोहिनूर सिटी आहे. ती जमीन प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली, सुरुवातीला क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या, मग फियाटशी करार केला. १९५४ च्या सुमाराची फियाट ११०० म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. १९६४ ला डिलाइट आली, मग तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलत गेली, गाडी फारशी बदलली नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय कारण पासिंगचं रहस्य यातच आहे.

पासिंगला बघतात काय? दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, टायरची नक्षी, ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंगमधला ढिलेपणा, सायलेन्सर, रंग, नंबर प्लेट. टॅक्सी असेल तर मीटर आणि त्याचं सील. सोबत टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसीचे कागद. मोटार वाहन निरीक्षक गाडीभोवती फिरतो, दिवे लावायला सांगतो, थोडं पुढे जाऊन ब्रेक मारायला सांगतो. आता ही यादी पद्मिनीसमोर ठेवा. यातलं जवळजवळ सगळं एखादा गॅरेजवाला एक-दोन दिवसांत ठीक करू शकतो. ड्रम ब्रेकचे शू अ‍ॅडजस्ट करायला कॉम्प्युटर लागत नाही. बल्ब, वायपर ब्लेड, आरसा, सगळं बाजारात सुटं मिळतं. डेंटिंग-पेंटिंग केलं, काळा-पिवळा रंगाचा हात फिरवला की गाडी निरीक्षकासमोर नव्या नवरीसारखी उभी. चाळीस वर्षं तोच सांगाडा असल्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात एका पद्मिनीचा भाग दुसरीला बसायचा आणि प्रत्येक मेकॅनिकला ती डोळे मिटून खोलता यायची.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे बघून ओळखीचं वाटलं. टेस्टमध्ये काय तपासणार हे आधीच माहीत असेल तर नेमकं तेवढंच चालवून दाखवता येतं. त्यात फसवणूक असेलच असं नाही. दिवा खरंच दुरुस्त झालेला असतो, ब्रेक खरंच लागतो. फक्त यादीत जे नाही त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पद्मिनीच्या बाबतीत यादीबाहेर काय होतं? पहिलं म्हणजे तळ. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा यांत फ्लोअर सडतो, दाराखालचे पत्रे सडतात. त्यावर पत्र्याचं ठिगळ वेल्ड करायचं, वर रंग, वर रबरी मॅट. नजरेने होणाऱ्या तपासणीत ते दिसणार कसं? गाडी वर उचलून खालून बघावं लागतं. दुसरं, धूर. एका दिवसासाठी कार्ब्युरेटर नीट बसवला की पीयूसी मिळतं. वर्षाचे बाकीचे दिवस गाडी रोज तासन् तास, कधी दोन पाळ्यांत, सिग्नलला उभी राहून धूर सोडणार.

धुरावरूनच पुढचं सगळं झालं. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याच वर्षी परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर न्या नाहीतर रस्त्यावरून काढा, असे आदेश निघाले. इथे एक गंमत आहे. आदेश जुन्या गाड्यांना आवरण्यासाठी होता, पण सीएनजी किट पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनाला आरामात बसलं. डिकीत सिलिंडर आला, सामान टपावरच्या कॅरियरवर गेलं, इंधनाचा खर्च घटला आणि म्हातारीला आणखी आयुष्य मिळालं. कुर्ल्यात पद्मिनी बनणं २००१ च्या सुमारास थांबलं. तोवर त्याच आवारात फियाट उनो, सिएना बनू लागल्या होत्या. टॅक्सी मात्र धावतच राहिल्या.

मग सरकारने तपासणीचा नाद सोडून कॅलेंडर हातात घेतलं. २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० वर. माझ्या मते तपासणीवर शासनाचाच किती विश्वास उरला होता, याचा हा कबुलीजबाब आहे. फिटनेस सर्टिफिकेट जर खरोखर फिटनेस सांगत असेल तर वयाची अट कशाला? सडलेली गाडी नापास होईल, धडधाकट गाडी राहील. पण वीस वर्षांची पत्र्याची टॅक्सी दरवर्षी पास होतेय हे सगळ्यांना दिसत होतं आणि ती खरंच धडधाकट आहे का, हे त्या सर्टिफिकेटवरून सांगता येत नव्हतं. वय मात्र आरसी बुकावर छापलेलं असतं. त्यात वाद नाही.

याची किंमत चालकाने मोजली. परमिट त्याच्याकडे राहतं, गाडी बदलावी लागते, म्हणजे कर्ज काढा. ज्याने खरोखर जपून ठेवली आणि ज्याने ठिगळं लावली, दोघांची गाडी एकाच वयाला बाद. जपणाऱ्यासाठी हा अन्याय होता, असं मला वाटतं. पण त्या टॅक्सीत मागे बसणाऱ्याचा विचार केला की मी तेवढ्या ठामपणे बोलू शकत नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून चालवता येईना. हिशेब करून बघा. तेव्हा नव्या टॅक्सीचं पहिलं सर्टिफिकेट दोन वर्षांचं असायचं, नंतर दरवर्षी. म्हणजे वीस वर्षांत १८ वेळा पासिंग. कोविडमधली मुदतवाढ वजा केली तरी पंधराहून जास्त. त्याच्या दीड महिना आधी, सप्टेंबरात, बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकरही गेली होती. तिचेही दिवसच भरले होते, १५ वर्षं.

तपासणी सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने, पुण्याच्या एका कार्यकर्त्याच्या याचिकेवर, आरटीओत ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच असं बजावलं. त्याआधी अनेक ठिकाणी ब्रेकची परीक्षा चक्क सार्वजनिक रस्त्यावर व्हायची. २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. त्यात चाकं रोलरवर घेऊन ब्रेकचा जोर यंत्रच मोजतं, माणसाच्या अंदाजावर सोडत नाही. हे पद्मिनीच्या तरुणपणी असतं तर? काही पद्मिनी दहाव्या वर्षीच गेल्या असत्या. काही, मला खात्री आहे, पंचविसाव्या वर्षीही पास झाल्या असत्या.

आता मूळ प्रश्नाकडे. सेकंड हँड पद्मिनी अजून घेता येते, बरं का. वीस वर्षांची अट टॅक्सीला होती. खासगी, पांढऱ्या पाटीच्या पद्मिनीला मुंबईत दर पाच वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवता येते. म्हणजे कुर्ल्यात एकाच दिवशी, एकाच लाइनवर बनलेल्या दोन गाड्यांपैकी पिवळ्या पाटीची भंगारात आणि पांढऱ्या पाटीची रविवारी मरीन ड्राइव्हवर. कुणी घ्यायला निघाला असाल तर फिटनेसचा कागद वाचण्यात वेळ घालवू नका. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. मग गाडी रॅम्पवर चढवायला सांगा, दाराखालच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. आणि विकणारा रॅम्पवर चढवायला नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.